भोर आणि वेल्हे तालुक्यांतील पाणलोट कामांच्या संज्ञा व मापे

पावसाचे वाहते पाणी अडवणे, जमिनीत मुरवणे आणि उरलेले पाणी जमिनीला इजा न करता खाली उतरवणे या हेतूने जी कामे केली जातात, त्यांना पाणलोट विकासाची किंवा मृद व जलसंधारणाची कामे म्हणतात. समतल चर, दगडी बांध, माती नाला बांध, सिमेंट बंधारा, शेततळे, भातखाचरांची बांधबंदिस्ती ही त्यांची परिचित रूपे आहेत. या कामांचा आराखडा तयार करताना अपधाव, पर्जन्य तीव्रता, पूर्ण संचय पातळी, सांडव्याची लांबी, मोकळी उंची अशा अनेक संज्ञा वापरल्या जातात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या लगतच्या तालुक्यांत या संज्ञांचे अर्थ बदलत नाहीत, परंतु त्यांची मापे काही मैलांच्या अंतरात कमालीची बदलतात. दुष्काळी पठारासाठी बसवलेली मापे येथील पश्चिम भागात तशीच वापरली, तर काम टिकत नाही. पठारावर मुख्य प्रश्न पाणी किती साठवायचे हा असतो. घाटमाथ्याजवळ मुख्य प्रश्न पाणी बाहेर कोठून आणि किती वेगाने काढायचे हा असतो. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. प्रस्तुत लेखात रूढ असलेले जुने नाव वापरले आहे.

भूप्रदेश आणि पाऊस

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे उतरत येतात. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, शिवगंगा, अंबी आणि मोसे या येथील नद्या असून त्यांचे पाणी नीरा किंवा मुठा नदीमार्गे अखेरीस भीमेला मिळते. वरंधा घाटाकडील हिर्डोशी खोरे आणि वेल्ह्याचा पश्चिम भाग येथे वर्षाकाठी अडीच ते तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पुणे-सातारा महामार्ग ओलांडून पूर्वेस गेल्यावर तो हजार मिलिमीटरच्या आत येतो. आंबेमोहोर भाताची खाचरे आणि ज्वारीचे माळ एकाच तालुक्यात दिसतात, ते यामुळेच.

खडक मात्र सर्वत्र एकच, तो म्हणजे दक्षिणेच्या पठाराचा काळा बेसाल्ट. त्याचे अभंग थर पाणी धरत नाहीत. पाणी धरतो तो वरचा मुरमाड, झिजलेला थर आणि भेगाळलेला भाग. डोंगरउतारावर हा थर पातळ असल्याने जुलैच्या मध्यापर्यंत तो तुडुंब भरतो आणि त्यानंतर पडणारे बहुतेक पाणी वाहून जाते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात एप्रिल-मे महिन्यांत टँकर का लागतो, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या पातळ थरात आहे.

मोजण्याची एकके

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडले. पुढची सगळी गणिते या एका समीकरणावर उभी असल्याने ते विद्यार्थ्यांनी पाठ करावे. लहान साठे घनमीटरमध्ये किंवा सहस्र घनमीटरमध्ये सांगतात. शासकीय कागदांवर त्यालाच टीसीएम किंवा स.घ.मी. असे लिहिलेले आढळते. मोठ्या धरणांसाठी टीएमसी हे एकक रूढ आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. टीसीएम आणि टीएमसी ही अक्षरे सारखी असली तरी दुसरे एकक पहिल्याच्या अठ्ठावीस हजारपट मोठे आहे. वृत्तपत्रांतही यांची अदलाबदल झालेली दिसते.

प्रवाह मोजण्यासाठी सेकंदाला एक घनमीटर म्हणजे क्युमेक आणि सेकंदाला एक घनफूट म्हणजे क्युसेक ही एकके आहेत. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. धरणांतून सोडलेल्या विसर्गाच्या बातम्या क्युसेकमध्ये येतात, आराखड्यांतील गणिते मात्र घनमीटरमध्ये केली जातात.

उतार सांगण्याच्या पद्धतीही तीन आहेत. जमिनीचा उतार टक्क्यांत सांगतात. शंभर मीटर आडव्या अंतरात २० मीटर चढ असेल तर तो २० टक्के उतार. शंभर टक्के उतार म्हणजे उभा कडा नव्हे, तो ४५ अंशांचा उतार असतो. बांधाच्या बाजूंचा उतार गुणोत्तराने सांगतात. मराठी तांत्रिक लेखनात १:२ म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे, असा अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. काही पुस्तकांत आडवे माप आधी लिहून हाच उतार २:१ असा दिलेला असतो. नकाशा वाचताना हे आधी तपासावे लागते, कारण चुकीच्या वाचनाने बांध चौपट उभा होतो.

पाणलोट क्षेत्र आणि अपधाव

ज्या जमिनीवर पडलेले पाणी उताराने एका ठरावीक ठिकाणी येऊन मिळते, ती जमीन त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र होय. पाणी आणि लोट मिळून झालेला हा शब्द उतारावरून लोटणाऱ्या पाण्याचे चित्र उभे करतो. दोन पाणलोटांना विभागणारी उंच रेषा म्हणजे जलविभाजक. गावाची शीव आणि पाणलोटाची सीमा क्वचितच जुळतात. खालच्या गावाच्या ओढ्याला येणारे पाणी वरच्या गावाच्या डोंगरावर पडलेले असते, आणि त्यामुळे एका गावाचा स्वतंत्र आराखडा नेहमीच थोडा अपुरा राहतो.

पडलेल्या पावसापैकी जो भाग जमिनीत न मुरता व बाष्प न होता पृष्ठभागावरून वाहून जातो, तो अपधाव. हा संस्कृतप्रचुर शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी नाही, ते वाहून जाणारे पाणी असेच म्हणतात. अपधाव भागिले पाऊस हे प्रमाण म्हणजे अपधाव गुणांक. दाट जंगलात तो कमी, उघड्या कातळावर अधिक असतो. तीच जमीन जूनच्या आरंभी कोरडी असताना आणि जुलैच्या अखेरीस भिजून फुगलेली असताना गुणांक वेगवेगळा असतो, ही गोष्ट तक्ते वापरताना विसरली जाते.

वर्षभराचा अपधाव अंदाजण्यासाठी पूर्वीच्या मुंबई इलाख्यात झालेले काम अजूनही वापरात आहे. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील नोंदींवरून तक्ता तयार केला. त्यात पाणलोटाची चांगले, मध्यम आणि वाईट अशी वर्गवारी आहे. येथे चांगले याचा अर्थ भरपूर पाणी वाहून आणणारे असा आहे. धरण बांधणाऱ्याच्या दृष्टीने जे चांगले, ते माती राखू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने वाईट. पुढे सी. सी. इंग्लिस यांनी घाटासाठी आणि पठारासाठी वेगवेगळी सूत्रे दिली. इंग्लिस यांचे नाव खडकवासला येथील संशोधन केंद्राशी जोडलेले आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते आणि ते वेल्ह्याच्या नद्यांच्या वाटेवरच आहे.

इंग्लिस यांच्या सूत्रांत पाऊस आणि अपधाव दोन्ही सेंटिमीटरमध्ये घेतात. घाटासाठी पावसाला ०.८५ ने गुणून त्यातून ३०.५ वजा करायचे. पठारासाठी पावसातून १७.८ वजा करून आलेल्या संख्येस पुन्हा पावसाने गुणायचे आणि २५४ ने भागायचे. घाटात २५० सेंटिमीटर पाऊस धरला तर अपधाव १८२ सेंटिमीटर येतो, म्हणजे पावसाच्या सुमारे ७३ टक्के. पूर्वेकडे ७० सेंटिमीटर पाऊस धरला तर अपधाव १४.४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २१ टक्के. पाऊस साडेतीनपट, परंतु वाहून जाणारे पाणी साडेबारापट. ही सूत्रे मोठ्या पाणलोटांसाठी आहेत. एखाद्या शेताला ती जशीच्या तशी लावू नयेत, तुलनेसाठी मात्र ती उपयोगी पडतात.

शेततळ्याचे उदाहरण घेता येईल. वरच्या कडेला ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार १:१.५ असे शेततळे घेतले, तर तळ २१ × २१ मीटरचा होतो आणि एकूण साठा १,९७१ घनमीटर भरतो. वरील अंदाजांनुसार पूर्वेकडे हे तळे एकदा भरण्यास सुमारे १.३७ हेक्टर, म्हणजे जवळजवळ साडेतीन एकर पाणलोट लागेल. पश्चिमेकडे त्यासाठी अकरा गुंठे पुरतात. शेततळ्याला पाणलोट किती असावा याचे एकच माप दोन्हीकडे सांगितले, तर एकीकडे तळे रिकामे राहील आणि दुसरीकडे काठावरून फुटेल.

पूरप्रवाह

वार्षिक अपधावावरून साठा ठरतो, बांधाचे आयुष्य मात्र पूरप्रवाहावर अवलंबून असते. पूरप्रवाह म्हणजे एखाद्या जोरदार पावसात त्या ठिकाणी सेकंदाला येणारे सर्वाधिक पाणी. लहान पाणलोटांसाठी सामान्यतः परिमेय सूत्र वापरले जाते. अपधाव गुणांक, तासाला मिलिमीटरमध्ये पर्जन्य तीव्रता आणि हेक्टरमध्ये क्षेत्र यांचा गुणाकार करून त्यास ३६० ने भागले की प्रवाह घनमीटर प्रति सेकंद या एककात मिळतो.

यातील तीव्रता कोणती घ्यायची, हा कळीचा मुद्दा आहे. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी बांधापर्यंत पोहोचण्यास जितका वेळ लागतो, त्याला संकेंद्रण काळ म्हणतात. तितक्याच अवधीतील पावसाची तीव्रता गणितात धरतात. अवधी जितका लहान, तितकी तीव्रता अधिक. किरपिच यांच्या सूत्राने ६०० मीटर लांबीच्या आणि २० टक्के उताराच्या ओघळीचा संकेंद्रण काळ सुमारे ५ मिनिटे येतो, आणि तेवढ्याच लांबीच्या २ टक्के उताराच्या ओघळीचा सुमारे १२ मिनिटे. डोंगरावर वीज कडाडून सर आली की ओढा लगेच का फुगतो, हे या दोन आकड्यांवरून समजते.

दुसरी संज्ञा पुनरावृत्ती काळ. २५ वर्षांचा पूर म्हणजे दर २५ वर्षांनी नेमाने येणारा पूर नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता २५ मध्ये एक, एवढाच त्याचा अर्थ आहे. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा येणार नाही, असे गणित सांगत नाही.

पश्चिमेकडे पाऊस जास्त म्हणून तेथे तासाची तीव्रताही नेहमीच जास्त असते, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. पूर्वेकडील वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या सरी तासाभरापुरत्या घाटातील पावसाच्या तोडीस तोड असू शकतात. खरा फरक सातत्याचा आहे. घाटाजवळ जोरदार सर येते तेव्हा जमीन आधीच अनेक दिवस भिजलेली असते, त्यामुळे अपधाव गुणांक वाढलेला असतो. उदाहरणादाखल २० हेक्टरचे पाणलोट आणि तासाला ८० मिलिमीटर तीव्रता धरली, तर ०.३ गुणांकाने प्रवाह १.३३ घनमीटर प्रति सेकंद येतो आणि ०.७ गुणांकाने ३.११.

मोठ्या पाणलोटांसाठी पश्चिम घाटात इंग्लिस यांचे पुराचे सूत्र प्रसिद्ध आहे. चौरस किलोमीटरमधील क्षेत्रास १२४ ने गुणावे आणि क्षेत्र अधिक १०.४ यांच्या वर्गमुळाने भागावे. दहा चौरस किलोमीटरच्या खोऱ्याला हे सूत्र सुमारे २७५ घनमीटर प्रति सेकंद इतका महत्तम पूर देते.

समतल चर आणि त्याची मर्यादा

समान उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा म्हणजे समतल रेषा. तिच्यावर खोदलेला अखंड चर म्हणजे सलग समतल चर. रेषा आखण्यासाठी ए-फ्रेम, पाण्याची नळी किंवा हायड्रोमार्कर ही साधी साधने पुरतात. दोन चरांमधील उंचीच्या फरकास उभे अंतर आणि जमिनीवरील फरकास आडवे अंतर म्हणतात. २० टक्के उतारावर उभे अंतर २ मीटर ठेवले तर आडवे अंतर १० मीटर येते आणि हेक्टरी सुमारे १,००० मीटर चर बसतो.

नेहमी आढळणारा ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चर घेतला, तर मीटरला ०.१८ घनमीटर आणि हेक्टरला १८० घनमीटर पाणी मावते. म्हणजे १८ मिलिमीटर अपधाव. निम्मा पाऊस मुरतो असे धरले तरी ३६ मिलिमीटर पावसात चर भरतो. महसूल खात्याच्या व्यवहारात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की त्यास अतिवृष्टी म्हणतात. पूर्व भोरमध्ये असे दिवस मोजके असतात आणि दोन सरींच्या मधल्या काळात चर रिकामा होतो. पश्चिम वेल्ह्यात जुलैमध्ये असे दिवस एकापाठोपाठ एक येतात, मुरूम भरलेला असतो आणि चर रिकामा होण्यास उसंतच मिळत नाही. भरलेला सलग चर जेथे सर्वांत खोलगट असतो तेथे फुटतो. एका चराचे पाणी खालच्या चरावर कोसळते आणि ओघळ तयार होते. माती राखण्यासाठी केलेल्या कामातून माती जाण्याची वाट तयार होते, ती अशी.

म्हणून जास्त पावसाच्या उतारावर चर अखंड न ठेवता तुटक ठेवतात किंवा त्याला किंचित ढाळ देऊन पाणी दगडी, गवताळ वाटेने ओढ्यात सोडतात. त्याला ढाळीचा चर म्हणतात. समतल आणि ढाळीचा या दोन विशेषणांतला फरक लहान वाटतो, परंतु पहिल्याचा हेतू पाणी मुरवणे हा आहे आणि दुसऱ्याचा हेतू पाणी वळवणे हा.

फार तीव्र उतारावर आणि जाड मातीच्या थरावर पाणी मुरवण्याचा अट्टहास धोक्याचाही ठरतो, कारण भिजलेली माती जड होते आणि तिची पकड सुटते. ३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर डोंगरउतारावरील जमीन सपाट करण्याच्या कामांविषयी बरीच चर्चा झाली. सलग समतल चर साधारणपणे ३३ टक्क्यांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १८ अंशांपर्यंतच्या उतारावर घेण्याचा प्रघात आहे. त्यापुढच्या उतारावर झाडे आणि गवत राखणे हेच काम मानावे.

भातखाचर

भोर-वेल्ह्यातील सर्वांत जुने व सर्वांत विस्तृत पाणी अडवण्याचे साधन भातखाचर हे आहे, मात्र योजनांच्या यादीत त्याची गणना शेती म्हणून होते. खाचराचा बांध तीस-पस्तीस सेंटिमीटर उंच असतो, तळ सपाट असतो आणि बांधाला एका ठिकाणी तोंड ठेवलेले असते. तोंड उघडे ठेवायचे की मातीने बुजवायचे, हे रोज पाऊस पाहून ठरते. ओघळीवर दगडांच्या ताली घालून त्यांच्यामागे साचलेल्या मातीत खाचरे तयार करण्याची रीतही येथे आहे.

खाचरात दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर हेक्टरी १,००० घनमीटर साठा होतो. वर हिशेब केलेल्या समतल चराच्या तो साडेपाचपट आहे. शिवाय एका खाचरातून दुसऱ्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना पुराचा वेग मोडतो. त्यामुळे पश्चिम भागात नवे चर खोदण्याआधी जुन्या खाचरांची बांधबंदिस्ती करणे अधिक लाभाचे असते. तोंडाखाली दगडांची फरसबंदी नसेल तर मात्र पाणी पडून खड्डा होतो आणि बांध मुळापासून जातो.

ओढ्यातील बांध

अनघड दगडी बांध हा ओघळीत, सिमेंट किंवा मातीच्या जोडणीवाचून, दगड रचून केलेला एक मीटरच्या आतील बांध. पाण्याकडील बाजूस सामान्यतः १:१ आणि खालच्या बाजूस १:२ उतार देतात. मधला भाग कडांपेक्षा खोल ठेवतात, म्हणजे पाणी ओघळीच्या मध्यावरून जाते आणि काठ कापत नाही. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत आला पाहिजे, हा अंतराचा नियम. बांध पाऊण मीटर उंच आणि ओघळीचा उतार १० टक्के असेल तर दोन बांधांत साडेसात मीटर अंतर राहते. वेग अधिक असेल तेथे दगड तारेच्या जाळीत बांधतात, त्यास गॅबियन बंधारा म्हणतात.

माती नाला बांधाच्या आराखड्यात पातळ्यांना महत्त्व आहे. सांडव्यावरून पाणी वाहण्यास सुरुवात होण्याची पातळी म्हणजे पूर्ण संचय पातळी. पूर असताना पाणी तिच्या वर जितके चढते ती महत्तम पूर पातळी. त्यावर लाटा व अंदाजातील चुका यांसाठी जी उंची राखतात ती मोकळी उंची. कार्यालयांत तिला फ्रीबोर्ड म्हणतात. या सर्वांची बेरीज म्हणजे बांधाची उंची, आणि नव्या भरावाची माती बसते म्हणून तीत आणखी दहा टक्क्यांच्या आसपास भर घालतात. संचय ३ मीटर, पुराचा चढ ०.५० मीटर आणि मोकळी उंची ०.७५ मीटर धरली तर बांध ४.२५ मीटरचा होतो, व बांधताना तो सुमारे ४.७० मीटर ठेवावा लागतो.

माथा २ मीटर रुंद, पाण्याकडील उतार १:२.५ आणि खालचा १:२ असेल, तर ४.२५ मीटर उंचीच्या बांधाचा पाया २१ मीटरपेक्षा थोडा अधिक रुंद होतो आणि दर मीटर लांबीला सुमारे ४९ घनमीटर माती लागते. तोच बांध एक मीटरने उंच केला तर माती ७२ घनमीटरवर जाते. उंची चौथ्या हिश्शाने वाढली की मातीचे काम जवळपास निम्म्याने वाढते. खर्च वाचवण्यासाठी मोकळ्या उंचीला कात्री लावण्याचा मोह येथूनच होतो.

सांडवा

सांडणे या क्रियापदावरून आलेला सांडवा हा शब्द इतका नेमका आहे की त्याला पर्यायी परिभाषा घडवण्याची गरज पडली नाही. साठ्यापलीकडचे पाणी बांधाला धक्का न लावता ओढ्यात नेऊन सोडणारी वाट म्हणजे सांडवा. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून दर मीटर लांबीला जाणारा प्रवाह काढण्यासाठी पाण्याच्या चढाचा दीड घात करून त्यास १.७ ने गुणतात. चढ अर्धा मीटर असेल तर मीटरला ०.६ घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे पूरप्रवाहाच्या उदाहरणातील २० हेक्टरच्या ओढ्यावर कोरड्या जमिनीच्या गुणांकाने सव्वादोन मीटरचा सांडवा पुरेल आणि भिजलेल्या जमिनीच्या गुणांकाने तो सव्वापाच मीटरचा लागेल. बांध तोच, ओढा तोच, गुणांकाच्या निवडीने सांडवा दुपटीहून लांब होतो.

मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेले की बांध फार काळ टिकत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण वेल्हे तालुक्यातच घडले. अंबी नदीवरील पानशेत धरण बांधकाम पूर्ण होण्याआधीच भरू दिले गेले आणि १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून माथा उंच राखण्याचा प्रयत्न केला होता. येथे दोष सांडव्याच्या लांबीचा नव्हता. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि तिच्या दरवाजांचे काम अपुरे होते, अपुऱ्या मोरीतून वेगाने जाणाऱ्या पाण्यामुळे तिच्यावरचा भराव खचत गेला आणि खचलेल्या भागावरून जलाशयाचे पाणी उलटले, असे मानले जाते. मोकळी उंची कागदावर कितीही असली तरी भराव खचल्यावर ती उरत नाही. धरण नंतर पुन्हा बांधण्यात आले. त्याच्या जलाशयास तानाजीसागर हे नाव आहे.

पाण्याला वाट करून देण्याचा दुसरा मार्ग म्हणजे हलणारा अडथळा. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या जुन्या धरणाच्या जलाशयास लेक व्हायटिंग म्हणत. त्याच्या जागी १९२८ मध्ये पूर्ण झालेले लॉईड धरण, म्हणजे आजचे भाटघर, सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी साठवते. त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की ते पाण्याच्याच जोराने उघडतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्यास बसवले गेले होते.

लहान ओढ्यांवर हेच तत्त्व कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दिसते. खांबांमधील फळ्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्यापूर्वी ते काढायचे आणि पाऊस ओसरल्यावर लावायचे. पूर येतो तेव्हा अडथळाच नसतो. वनराई बंधाराही याच जातीचा. मोहन धारिया यांच्या संस्थेमुळे हे नाव रूढ झाले. पावसाळ्यानंतर ओढ्यातील उरलेल्या धारेवर माती-वाळूने भरलेली पोती रचून तो करतात आणि पुढच्या पुरात तो वाहून जाईल हे गृहीतच असते. पश्चिम भोर-वेल्ह्यासाठी ही दोन कामे विशेष सोयीची आहेत, कारण तेथे तूट पावसाळ्यात नसून जानेवारीनंतर असते. अट एकच की बर्गे वेळेवर लावले-काढले गेले पाहिजेत. ज्या बंधाऱ्याचे बर्गे गंजून गेले किंवा चोरीस गेले, तो बंधारा केवळ पुलासारखा उरतो.

जमिनीचा बदलता वापर

अलीकडच्या काळात महामार्गालगत आणि जलाशयांच्या काठाने शेतघरांसाठी जमिनीचे तुकडे पडत आहेत, डोंगर कापून रस्ते काढले जात आहेत. पाणलोटाच्या गणितात याचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. खाचरे बुजली की हेक्टरी हजार घनमीटरचा साठा नाहीसा होतो. छप्पर आणि डांबर यांमुळे अपधाव गुणांक वाढतो. पाणी खाचरांऐवजी गटारातून सरळ गेल्याने संकेंद्रण काळ घटतो आणि त्यामुळे धरायची तीव्रता वाढते.

रस्त्याखालील मोरीचे माप हे याचे सर्वांत दृश्य उदाहरण. ९० सेंटिमीटर व्यासाचा नळ पूर्ण भरून सेकंदाला २ मीटर वेगाने वाहिला तर १.२७ घनमीटर पाणी नेतो. वर घेतलेल्या २० हेक्टरच्या ओढ्याला कोरड्या जमिनीच्या हिशेबानेही एक नळ किंचित कमी पडतो. भिजलेल्या किंवा बांधकामाने झाकलेल्या जमिनीच्या हिशेबाने तीन नळ लागतात. एकच नळ टाकला तर रस्त्याचा भराव पुराच्या वेळी बांधासारखे काम करू लागतो, फरक इतकाच की त्याला सांडवा नसतो. पालापाचोळा आणि वाहून आलेले ओंडके नळाच्या तोंडाशी अडकतात म्हणून गणितात आलेल्या मापापेक्षा मोरी मोठी ठेवण्याची पद्धत आहे, आणि मे महिन्यात तिचे तोंड मोकळे करणे हा देखभालीचा भाग मानला जातो.